इंजिन बंद करायचं नाही

चालू

शेजारच्या शालीकरामभाऊंनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तारा जोडून आमची व्हॅन चालू करून दिली, तारा गुंडाळून खांद्यावर टाकल्या आणि खिडकीत तोंड घालून म्हणाले, "आता गोंदियापर्यंत बंद करू नको, बेटा. बंद केली त मी काई तुझ्या मागं मागं ट्रॅक्टर घेऊन येऊन नाई राहिलो," आणि स्वतःच हसले, मी हसले नाही, माझा एक पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि सगळा जीव त्या पायात होता, कारण आज ही गाडी तिरोड्याला नेऊन दाखवायची आहे, तिथल्या लॅबच्या गुंजन मॅडमना गावोगावी जाऊन रक्ताचे नमुने आणणारी बाई पाहिजे, स्वतःच्या चारचाकीसकट, आणि फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, म्हाताऱ्या माणसाची नस सापडते का तुम्हाला, लग्नाआधी लॅबचा कोर्स केला त्यानंतर असं काही मला कोणी विचारलंच नव्हतं, मी म्हटलं सापडते, त्या म्हणाल्या मग गाडी घेऊन या, आज नाही आलात तर उद्या मी दुसरीला बोलावते,

"थांब," मामाजी म्हणाले. मामाजी म्हणजे माझे सासरे, चैतराम. टोपी, कापडी पिशवी, दुखरा गुडघा, सगळं घेऊन ते शेजारच्या सीटवर चढले. "बॅटरी घ्याची हाय ना वाटंत? मी येतो. दुकानवाले बायकाइले काईबी चिपकवतेत."

"तुमाले गाडीतलं काय समजते, मामाजी?"

"काई नाई समजत. पर माणूस समजते."

दारात सासूबाई, सुमित्राबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, हात पदराला पुसत उभ्या होत्या. त्या गाडीकडे पाहत नव्हत्या, मामाजींकडे पाहत होत्या. मी फाटकातून गाडी काढली आणि

चालू

आमच्या गावाच्या, कामठ्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना धान निसवलेला, लोंब्या वाकायला लागलेल्या, बांधाबांधावरून आमची तार गेलेली, झटका मशीनची तार, रानडुकरं शिरू नयेत म्हणून मशीन तिच्यात थांबून थांबून करंट सोडतं, रात्री अंगणात झोपलं की त्याची टिक, टिक ऐकू येते, नवऱ्याशिवायच्या घरात रात्री तेवढंच काहीतरी जागं असतं, नवरा लखन रायपूरला कंपनीत, ही व्हॅन त्याचीच, तो गेल्यापासून सपरीत, घराच्या पडवीत, उभी, मी तिच्यावर हात बसवला, आधी अंगणात, मग गावाच्या रस्त्यावर, आणि हात बसला तशी गाडी रुसली, उन्हाळी धान निघता निघता पहिली बॅटरी गेली, पावसाळ्यात नवी बसवली, तीही दसऱ्याला संपली, कंपनी खराब म्हणे, हवा दमट म्हणे, बाईचा हात म्हणे, म्हणून या वेळी मी मोबाइलवर वाचून काढलंय की चांगली बॅटरी कशी ओळखायची, बनवल्याची तारीख पाहायची, जुना माल घ्यायचा नाही, खाचेत नीट बसणारी, वॉरंटीवर शिक्का, बसवल्यावर मीटर लावून गाडी चार्ज करते का ते तपासायचं, सगळं पाठ, आणि समोर पेट्रोलचा लाल दिवा लागला.

पंपावर तोंडाला दुपट्टा बांधलेली मुलगी पाइप घेऊन आली, आणि थांबली.

"मॅडम, बंद करा."

"बंद केली त चालू होत नाई. बॅटरी मेली हाय."

"मग नाई भेटत. बोर्ड पाहा."

"धक्क्यानंबी घेत नाई हो, कालच पाहिलं."

मामाजी माझ्या पुढ्यातून वाकले. "अवो बाई, थोडसं टाक ना. लहान लेकरासारखी हाय, झोपली त उठत नाई."

"लेकरू हाय त घरी ठेवाचं, काका."

मागच्या मोटरसायकली हॉर्न द्यायला लागल्या. बंद केली तर इथेच राहणार. बंद नाही केली तर पेट्रोल नाही, म्हणजे थोड्या वेळानं कुठेतरी आपोआप बंद होणार. मी पहिला गिअर टाकला.

"बंद करून पाहाची होती," मामाजी म्हणाले. "झाली असती चालू, काय सांगता येते."

"आन नसती झाली त?"

"त घरी गेलो असतो."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की

चालू

रेल्वे फाटक बंद होतं.

एकामागून एक सगळ्यांनी इंजिनं बंद केली. ट्रक, ऑटो, मोटरसायकली. मालगाडी येत होती, अजून दिसत नव्हती. त्या सगळ्या शांततेत एकटी आमची व्हॅन थरथरत होती, आणि काचेतून लोक बघत होते, एक म्हातारा ऑटोवाला बोटानं किल्ली फिरवून दाखवत होता, बंद कर, बंद कर, पेट्रोल जाते. मी मान हलवली. पुढे फाटक, मागे ट्रक, डावीकडे नाली. लाल दिवा. काचा खाली तरी घाम.

फोन. लखन.

"घेतली का बॅटरी?"

"फाटकावर हावो."

"मोठी घेजो. ट्रॅक्टरची घे सरळ, म्हणजे कटकट नाई."

"खाचेत बसते का ते?"

"बसवतीन ठोकून-ठाकून. बाबा हाय ना संग? त्याइले पुसून घे." मग जरा थांबून, "आन नाई जमलं त राहू दे ना, दुर्गा. काऊन एवढा जीव काढून राहिली? मी दिवाळीत येतो त पाहू. तोवर घरीच राहा."

"मालगाडी आली, ऐकू नाई येऊन राहिलं," मी म्हटलं.

मालगाडी आली नव्हती.

"लखन बरोबर सांगते," मामाजी म्हणाले. "मोठीच घे. रातभर टिकली पायजे."

"रातभर कायले? गाडी त रातभर उभी राहते."

मामाजींनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "उभं राहालेबी ताकद लागते, बेटा."

मग खरंच मालगाडी आली. डब्यामागून डबे कोळसा. मी काट्याकडे पाहत होते आणि काटा हलत नव्हता, त्याला हलायला खाली जागाच नव्हती, डबे संपतच नव्हते, आणि मला वाटलं की असंच, असंच मी इतकी वर्षं, चालू, जागच्या जागी,

फाटक उघडलं.

चालू

गोंदियात घनश्यामसेठांचं बॅटरीचं दुकान रस्त्यालाच लागून आहे. मी गाडी दुकानाच्या तोंडाशी लावली आणि चालूच ठेवून उतरले.

"बंद कर दो, बहनजी, अब तो पहुँच गई."

"आधी बॅटरी दाखवा."

सेठ हसले आणि बॅटऱ्या काउंटरवर ठेवत गेले.

मोठी, ट्रॅक्टरची. दोन हातांनी उचलावी लागते, आमच्या व्हॅनच्या खाचेत बसणार नाही, बसवली तर पट्टी लागणार नाही, खड्ड्यात नाचेल. (मामाजी: हेच घे.)

लांबट, इन्व्हर्टरची. हळूहळू तासनतास करंट देते, पण सेल्फ मारायला एकदम जो दणका लागतो तो हिच्यात नाही. (मामाजी: तासनतास, आयकलं का?)

लहान, काळी, मुठीची. खाचेत बसेल. दणका देते. पण हळूहळू, रोज, खालपर्यंत उपसली तर लवकर मरते.

"उपसते कोन?" मी विचारलं.

"वही तो," सेठ म्हणाले. "लाइट चालू रह गई, टेप चालू रह गया. वरना गाड़ी खुद भर देती है चलते-चलते. आप रोज चलाओगे ना?"

"रोज. गावागावात. सकारी सकारी."

"तो यही लो."

मी तारीख पाहिली, ताजी होती. शिक्का मारायला सांगितला.  मी आत हात घालून किल्ली फिरवली.

बंद

आवाज गेला.

सकाळपासून मी त्या आवाजात बसले होते. तो गेला तेव्हा कान दुखले.

बॉनेट उघडलं. सेठ आत ओरडले, "अरे, दस नंबर पाना किधर गया?" कप्प्यात शोधायला लागले.

मामाजींनी कापडी पिशवीत हात घातला. दहा नंबरचा पाना काढला. वाकले. आधी काळी तार सोडली. मग लाल. मग पट्टी. न पाहता. नट कुठे आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

बॅटरी उचलून त्यांनी खाली ठेवली.

खाचेत धानाच्या तणसाच्या काड्या होत्या. वाळलेला चिखल होता, आमच्या बांधीतला, धानाच्या खाचरातला, पिवळट. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिमट्यांच्या दातांचे ओरखडे होते.

रस्त्यावर ऑटो गेले. सेठ पाना सापडला म्हणून बाहेर आले आणि आम्हाला पाहून परत आत गेले.

"मामाजी," मी म्हटलं. "झटका मशीनची बॅटरी कोठी हाय?"

ते पाना धोतराला पुसत होते.

"चोरीले गेली."

"कधी?"

"उन्हाळी धानात. मी बांधीवरच होतो. रातीले जरा डोरा लागला." पाना पुसून झाला होता, तरी ते पुसत होते. "लखनले सांगजो नोको. तो म्हणन, बाबा आता कामाचा नाई राहिला."

"आत्याबाइले मालूम हाय?"

"तिले सगळंच मालूम राहते."

म्हणजे संध्याकाळी मी स्वयंपाकाला बसले की बॅटरी सपरीतून वावरात. उजाडता उजाडता वावरातून सपरीत. रोज. ज्या टिकटिकीनं मला झोप लागत होती ती माझ्याच गाडीची होती.

"मी रोज सकारी किल्ली फिरवत होती, मामाजी. तुमी पाहत होते. बाईचा हात म्हणत होते."

"तसं मी नाई म्हटलं. शालीकराम म्हणे."

"तुमी आयकत होते."

त्यांनी पाना पिशवीत टाकला. मग म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, "गाडी त उभीच राहे, बेटा. कोन चालवाचं तिले?"

मी त्यांच्यासमोर उभी होते. किल्ली माझ्या हातात होती.

मग मी सेठना म्हटलं, झटका मशीनची बॅटरी द्या, तीबी द्या, आत्ताच. सेठनी दोन्ही हात झटकले. "वो वाली? सीजन है, बहनजी. सब उठ गई. अगले हफ्ते आएगी, नाम लिख देता हूँ." जुनी तपासली. तिचा एक कप्पा मेला होता. एक रात्रही धरणार नाही, म्हणाले, आणि बदल्यात घेऊन टाकली. आणि बोट उचलून, "ये नई है. इस पर दूसरा कुछ मत लगाना, हाँ? नहीं तो फिर आओगे मेरे पास."

नवी बसली. घट्ट. मीटर लावलं, गाडी भरत होती.

मोठी घेतली असती, लांबट घेतली असती, कोणतीही घेतली असती तरी ती त्याच घरी जाणार होती.

चालू

बंद

चालू

(कुडव्याच्या पंपावर मी स्वतः बंद केली, पेट्रोल घेतलं, किल्ली धरून बसले, फिरवली, आणि ती एका दणक्यात उठली, आणि मला रडू आलं, मामाजींनी पाहिलं आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागले.)

तिरोड्याच्या रस्त्यावर पॉवर प्लांटच्या चिमण्या फार लांबून दिसतात, बराच वेळ जवळ येत नाहीत. मामाजी त्यांच्याकडे बघून बोलायला लागले.

"काल शालीकरामच्या बांधीत शिरले डुक्कर. दहा-बारा. अर्धी बांधी लोळवली."

"मालूम हाय."

"आज आपल्याकडं येतीन."

"मालूम हाय, मामाजी."

"आजची एक रात. एका रातीनं काई होत नाई बॅटरीले. नवी हाय, भरली हाय."

ते बरोबर होतं. तेच वाईट होतं. एका रात्रीनं काही होत नाही. मशीन थोडंच पितं. सकाळी गाडी उठली असती. दुसऱ्या दिवशीही उठली असती. आणि त्यानंतर एखाद्या सकाळी, कुणाच्या तरी अंगणात, बर्फाच्या डब्यात रक्त ठेवलेलं असताना,

"पयल्या बॅटरीलेबी एकच रात म्हटलं असन तुमी."

"हो," मामाजी म्हणाले. "म्हटलं होतं. सुमित्राले."

पुढचा ट्रक सरकत नव्हता, मी त्याच्या मागे,

चालू, बंद, चालू, बंद, चालू

गुंजन मॅडम ठेंगण्या, घाईतल्या, चष्मा डोक्यावर. लॅबच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बंद करा." केली. "चालू करा." केली. "परत." परत.

"चांगली आहे. मागच्या बाईची गाडी मळ्यात बंद पडली, सगळे नमुने फुकट गेले, पेशंटला परत टोचलं. तो काय काय बोलला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही." मग मामाजींकडे वळून, "हे कोण?"

"सासरे."

"नेहमी येतात बरोबर?"

"आज आले."

"उद्या पहाटे पहिला पेशंट आहे, इथून पुढच्या गावात. उपाशीपोटीचं रक्त, शुगरवाले आजोबा, उशीर झाला तर चहा पिऊन मोकळे होतात. कामठ्याहून तुम्हाला अंधारातच निघावं लागेल. निघाल?"

अंधारात. बॅटरी वावरातून सपरीत येते ती उजाडल्यावर.

मी काही बोलायच्या आत मामाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "निघन," ते म्हणाले. "काऊन नाई निघन?"

आणि परतीच्या वाटेवर ते एक शब्दही बोलले नाहीत, ना बांधीबद्दल, ना डुकरांबद्दल, त्यामुळे मला कळेना की त्यांनी ते माझ्याकडून म्हटलं की

चालू

संध्याकाळ. सपरी. गाडी आत घेतली तेव्हा धानावरचं ऊन गेलं होतं. मी किल्लीवर हात ठेवला आणि बॉनेटसमोर मामाजी उभे होते, पिशवी खाली, पाना हातात. त्यांनी मुद्दाम काढला नसावा. या वेळेला तो त्यांच्या हातात येतोच.

मी किल्लीवरचा हात काढला. बंद केली नाही.

चालू इंजिनची बॅटरी कोणी काढत नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहत होतो, मधे काच. मी दिवे लावले. ते डोळ्यांवर हात धरून तसेच उभे राहिले. बुटके, टोपी मागे सरकलेली, मागे भिंतीवर त्यांची केवढी तरी मोठी सावली. त्यांना सरकायला जागा होती. मला नव्हती. मी उतरले की गाडी त्यांची. नाही उतरले तर रात्रभर इथेच, पेट्रोल जळत, सकाळी पेट्रोल नाही. मी हिशेब करत होते, कुठूनही सुरू केला तरी याच सीटवर येऊन संपत होता.

"अवो, गाडी काऊन चालू हाय?" सासूबाई आतून ओरडल्या. "धूर होऊन राहिला घरात! दुर्गा! अवो, आयकू येते का?"

मी दिवे तसेच ठेवले.

"दोघंबी येडे झाले का?"

लांब, नाल्याच्या बाजूला, कुत्री भुंकायला लागली. मामाजींची मान तिकडे वळली. आमची बांधी तिकडेच आहे. तार तिच्याभोवती आहे, आज मुकी.

"मामाजी," मी काच खाली करून म्हटलं, पण पुढचं वाक्य मला सापडलं नाही. घ्या म्हणायचं की घेऊ नका. दोन्ही तोंडात होती.

ते खिडकीपाशी आले नाहीत. त्यांनी हात लांब करून पाना काचेवर ठेवला, वायपरच्या खाली, माझ्या डोळ्यांसमोर. मग सपरीच्या आडव्या बल्लीवरून तेलाचा रिकामा डबा काढला, लाकडाचा एक दांडका काढला. गुडघा धरून वाकले, पिशवी उचलली.

"रातीच्या जागलीले चाललो," ते घराकडे तोंड करून म्हणाले. "भाकर तिकडंच पाठवजो."

"आता? या गुडघ्यावर?" सासूबाई दारात आल्या. "आन मशीन?"

"मशीन बंद हाय."

"कायले बंद हाय? गाडीची बॅटरी..." सासूबाई मला पाहून थांबल्या.

"गाडी उद्या अंधारात निघते," मामाजी म्हणाले, आणि निघाले. दिव्यांच्या उजेडातून जाताना त्यांचा एक पाय ओढत होता. उजेड संपला तिथे ते दिसेनासे झाले.

मी बसून राहिले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, अंधाराकडे पाहत होत्या.

मग वावरातून डब्याचा आवाज आला. ठण. थोडं थांबून, ठण. टिकटिकीपेक्षा सावकाश, आणि सारख्या अंतरानं नाही. मधेच राहायचा. राहिला की माझा श्वास राहायचा. परत यायचा.

बंद

ठण.

मी किल्ली हातात धरून वाट पाहिली. ठण. उठते का पाहायला परत फिरवली.

चालू